पुनरावृत्ती होणार नाही

आमच्या देवासच्या मराठी घरांत एक सल्ला पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. बारशाच्या घुगऱ्यांबरोबर तो वाटला जात असावा, इतका तो सर्वांना तोंडपाठ आहे. कचेरीत साहेबाने विनाकारण झापले, कागदावर ठपका ठेवला, आणि नेमकी त्याच सुमारास बढती तोंडावर आलेली असली, की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "सध्या गप्प बस. एवढे दोन महिने जाऊ देत. ऑर्डर हातात पडली की मग काय बोलायचं ते बोल." हा सल्ला चुकीचा आहे, एवढेच मला ह्या लेखात म्हणायचे आहे. नुसता चुकीचा नाही, घातक आहे. आणि देणारे सगळे मायेपोटी देतात, म्हणून जास्तच घातक आहे.

लेखाला निमित्त झाले यंदाच्या गणपतीचे. थोरली बहीण, भाऊजी आणि भाची दर्शनाला आली होती. भाची केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीला आहे, इंदूरला रोज अप-डाऊन करते. आरती झाली, खिरापत वाटून झाली, आणि तिने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. खुलासा मागवला होता. एका लेखापरीक्षण आक्षेपाचे उत्तर वेळेत गेले नाही, ही तुमची हयगय आहे, दहा दिवसांत स्पष्टीकरण द्या. ज्या दहा दिवसांच्या विलंबाबद्दल हा ठपका होता, त्यांतले आठ दिवस ती मंजूर रजेवर होती. रजेच्या अर्जावर सही त्याच साहेबांची, ज्यांनी हा कागद पाठवला.

ताई लगेच म्हणाली, "अगं, तुझ्या प्रमोशनची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे ना? मग साहेबाशी वाकडं कशाला घेतेस? लिहून टाक, चूक झाली, पुन्हा होणार नाही. सुंठीवाचून खोकला गेला." भाऊजींनी माझ्याकडे बोट दाखवले. "मामालाच विचार. अडतीस वर्षं नोकरी केली त्यांनी. एकदा तरी साहेबाशी वाद घातला का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. नाही घातला, हे खरेच होते. पण त्याचे काय झाले ते मी घरात कुणाला धड सांगितलेले नव्हते. त्या दिवशी सांगितले, आणि आता वाचकांनाही सांगतो.

१९८३ साली मी राज्य सरकारच्या एका खात्यात चिकटलो. खात्याचे नाव सांगत नाही, कारण जे झाले ते कुठल्याही खात्यात होते. २०१६ साली मी सहायक ग्रेड-१ होतो आणि पुढची पायरी अधीक्षकाची होती. विभागीय पदोन्नती समितीची बैठक मे महिन्यात होणार, यादीत माझे नाव वर आहे, असे भोपाळहून कळले होते. त्याच फेब्रुवारीत विधानसभेचे अर्थसंकल्पी अधिवेशन तोंडावर आले. ज्यांनी सरकारी कचेरी आतून पाहिली आहे त्यांना विधानसभा प्रश्न म्हणजे काय ते सांगायला नको. कुण्या आमदाराने विचारलेला प्रश्न वरून खाली झिरपत येतो, आणि सगळ्यांत खाली जो बसलेला असतो त्याला फोन येतो की आजच्या आज माहिती हवी. मी रात्री साडेआठपर्यंत बसून तक्ते तयार केले, टीप लिहिली, तारखेसह सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नस्ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब दौऱ्यावर होते. मग लग्नाला गेले. मग पुन्हा दौऱ्यावर. त्यांची सही चार दिवसांनी झाली.

वरून विचारणा आली तेव्हा मला कुणी बोलावले नाही. एकदम कागदच आला. 'कारण बताओ सूचना पत्र', तीन दिवसांत उत्तर द्या. आणि त्या संध्याकाळी साहेबांनी मला आत बोलावून चहा पाजला. तेहतीस वर्षांत असा चहा मी बहुधा दुसऱ्यांदा पीत होतो. "देखिए बाबूजी, ऊपर कुछ तो दिखाना पड़ेगा. आप दो लाइन लिख दीजिए, मामला यहीं खतम. आपका प्रमोशन भी तो होना है."

घरी येऊन विचारले. वडील तेव्हा होते. त्यांनी तोच सल्ला दिला, बारशाच्या घुगऱ्यांचा. मी दोन ओळी लिहिल्या. त्रुटिवश विलंब झाला, क्षमाप्रार्थी आहे, आणि शेवटी ते वाक्य, जे हिंदी प्रांतातल्या प्रत्येक बाबूला झोपेतही लिहिता येते: 'भविष्य में पुनरावृत्ति नहीं होगी.'

वाचकहो, ज्या गोष्टीची आवृत्तीच मी केली नव्हती तिची पुनरावृत्ती होणार नाही, असे मी लिहून दिले!

१४ मार्च २०१६ रोजी आदेश निघाला. परिनिंदेची शिक्षा. आदेशात कारण एकच होते आणि ते मीच पुरवले होते: कर्मचाऱ्याने आपली चूक मान्य केली आहे. साहेबांची ती चार दिवसांची झोप माझ्या दोन ओळींखाली कायमची गाडली गेली.

अजूनही अपिलाचा रस्ता होता. मुदत ४५ दिवसांची. मी भिंतीवरच्या कालनिर्णयात २८ एप्रिलच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक टिंब केले होते. रोज दूध घेताना ते टिंब दिसायचे. रोज मनात यायचे, आज लिहू. आणि रोज वाटायचे, मे महिना आलाच आहे, आता कशाला खाजवून खरूज काढा. २८ एप्रिल गेला. दोन दिवसांनी, ३० एप्रिलला, जबलपूरच्या उच्च न्यायालयाने राज्याच्या २००२ च्या पदोन्नती नियमांतल्या आरक्षणाच्या तरतुदी रद्द ठरवल्या. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे 'जैसे थे'चा हुकूम झाला, आणि साऱ्या मध्य प्रदेशात बढत्यांचे गाडे जिथल्या तिथे थांबले.

कोण बरोबर, कोण चूक, ह्या वादात मी पडत नाही. माझ्या शाखेत दोन्ही बाजूंचे लोक होते, आणि नऊ-नऊ वर्षे एकाच खुर्चीवर दोघेही झिजले. २०१८ साली सरकारने निवृत्तीचे वय ६० चे ६२ केले, तेव्हा आम्हांला वाटले की आता ह्या दोन वर्षांत तरी काही होईल. झाले नाही. २०२५ च्या जूनमध्ये राज्याने नवे पदोन्नती नियम केले, ते लगेच पुन्हा उच्च न्यायालयात गेले. मी मात्र २०२१ सालीच, ज्या पदावर ठपका खाल्ला त्याच पदावरून, घरी आलो. समयमानाने पगार वाढला होता, तेव्हा पैशाचे रडगाणे गात नाही. निरोप समारंभात साफा बांधला, शाल-श्रीफळ दिले आणि एका वक्त्याने सांगितले की बाबूजींनी कधी कुणाला तक्रारीची संधी दिली नाही. ते सर्व्हिस बुक त्यांनी पाहिले नव्हते.

आता हिशेब मांडा. गप्प बसण्याच्या बदल्यात जी बढती मिळायची होती, ती आलीच नाही. ठपका मात्र राहिला. मी ज्या मालासाठी किंमत मोजली तो माल दुकानात नव्हताच. माझ्यासारखे किती असतील, ह्या आमच्या एका जिल्ह्यात? तोंडावर आलेल्या बढतीकडे डोळे लावून नऊ वर्षे मान खाली घालून बसलेले, अन्यायाचा प्रत्येक कागद 'क्षमाप्रार्थी' म्हणून परत करणारे? मोजदाद कुणी केलेली नाही. पण टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्तांच्या घोळक्यात बसून पाहा. तुळजाभवानीच्या देवळापासून चामुंडेच्या देवळापर्यंत परिक्रमा होईतो तीन-चार कहाण्या कानांवर पडतात.

आमच्या मंडळींना वाटते की परिनिंदा म्हणजे नुसती बोलणी. तसे नाही. साहेब तोंडाने ओरडला, तो वारा. त्याला उत्तर द्यायला जाऊ नये. कँटीनमध्ये जाऊन चहा प्यावा, पोहे खावेत, वर सेव भुरभुरावी आणि विसरावे. लेखी चेतावणी आली तर ती नियमातली शिक्षा नव्हे, पण गोपनीय अहवाल लिहिणाऱ्याच्या हाताला ती सहज लागते. परिनिंदा मात्र १९६६ च्या मध्य प्रदेश नागरी सेवा नियमांत शिक्षांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे. लहान शिक्षा, पण शिक्षाच. केंद्राच्या १९६५ च्या नियमांतही तिचे स्थान तेच. आणि ती देण्याआधी आरोप लेखी कळवला पाहिजे, म्हणणे मांडायची संधी दिली पाहिजे, आणि त्या म्हणण्याचा विचार केला पाहिजे, असे हेच नियम सांगतात. ही संधी म्हणजे साहेबांची मेहेरबानी नव्हे. साहेबांच्या पायांत नियमाने घातलेली ती बेडी आहे. आपण 'चूक झाली' लिहिले की ती बेडी आपल्याच हाताने काढून देतो. मग विचार करायला उरते काय?

दुसरा गैरसमज ह्याहून मोठा. ताईच्या बोलण्यात तोच होता: उत्तर दिले तर प्रकरण वाढेल आणि वाढलेल्या प्रकरणात बढती अडकेल. कर्मचारी जगतात ह्याला 'बंद लिफाफा' म्हणतात. समिती तुमच्याबद्दलचा निर्णय पाकिटात घालून मोहोर लावते आणि चौकशी संपेपर्यंत ते पाकीट उघडत नाही. पण हे पाकीट केव्हा वापरायचे, ह्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच जानकीरामन प्रकरणात दिलेला आहे. आरोपपत्र दिले गेल्यावरच. नुसती कुजबूज, नुसती प्राथमिक चौकशी, नुसता मागवलेला खुलासा ह्यांच्यापायी पाकीट बंद करता येत नाही. म्हणजे ज्या भीतीने आपण तोंड शिवून घेतो, त्या भीतीला खुलाशाच्या टप्प्यावर आधारच नाही. उलट १९७९ साली गुरदयाल सिंग फिज्जी यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले होते की जो प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच नाही, त्याच्या जोरावर त्याची बढती नाकारू नये. ह्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही, ती मी सांगतो. जो शेरा कळवला आणि ज्याला तुम्ही उत्तर दिले नाही, तो बिनदिक्कत वापरता येतो.

देव दत्त नावाच्या एका अभियंत्याची गोष्ट तर प्रत्येक नोकरदार घरात सांगायला हवी. ते सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या खात्यात कार्यकारी अभियंता होते. वरच्या पदासाठी पाच वर्षांचे शेरे 'अति उत्तम' हवे होते. १९९३-९४ च्या अहवालात कुणीतरी त्यांना नुसते 'उत्तम' लिहिले. शब्द चांगला! कुणाला वाटेल, ह्यात तक्रार कसली? पण त्या चांगल्या शब्दानेच त्यांची बढती गेली, आणि तो शब्द त्यांना कधी दाखवलाही नव्हता. ते लढत राहिले. मे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. पुढच्याच वर्षी, मे २००९ मध्ये, केंद्राने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचा आणि त्यावर म्हणणे मांडायला पंधरा दिवस देण्याचा आदेश काढला. २०१३ साली सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी देव दत्त निकालावर शिक्कामोर्तब केले. आज आपल्या मुलामुलींना आपला अहवाल पडद्यावर पाहायला मिळतो तो ह्या माणसाच्या चिवटपणामुळे. लपवाछपवी नको म्हणून हेही सांगतो, की निकाल लागला तेव्हा देव दत्त स्वतः निवृत्त झालेले होते.

मग आपली माणसे गप्प का बसतात? भित्री म्हणून? मला तसे वाटत नाही. माझे आजोबा देवासच्या थोरल्या पातीत कारकून होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, ह्या एवढ्याशा गावात पवारांची दोन संस्थाने होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि दोन राजवाडे, दोन दरबार. १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी सचिव म्हणून इथे राहिला होता. त्याची तेव्हाची पत्रे 'द हिल ऑफ देवी' ह्या नावाने १९५३ साली पुस्तकरूपाने आली. पुस्तकाच्या नावातली टेकडी ती हीच. दरबारात नोकरी कशावर चालते ते त्या पत्रांत दिसते. ती चालते मर्जीवर. मर्जी आहे तोवर मान, गेली की अंगणही परके. तिथे ४५ दिवसांचे अपील नव्हते, आणि करणार तरी कुणाकडे? आजोबा थट्टेने म्हणत, फार तर रस्ता ओलांडून धाकट्या पातीत जायचे. अशा राज्यात 'गप्प बस, दिवस फिरतील' हा सल्ला शहाणपणाचाच होता. आजोबा त्या सल्ल्यावर जगले, घर बांधले, मुले शिकवली. पण दोन्ही पात्या १९४८ साली मध्य भारतात विलीन झाल्या. दरबार गेला आणि नियमांचे पुस्तक आले. आम्ही मात्र नियमांच्या राज्यात मर्जीच्या राज्यातला सल्ला चालवतो आहोत. बंद झालेले नाणे घेऊन बाजारात फिरावे तसे.

अशा वेळी हमखास न्यायमूर्ती रानड्यांचे नाव निघते. वडिलांनीही काढले होते. १८७९ साली वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या दिवसांत सरकारला रानड्यांचा संशय आला, त्यांना धुळ्याला पाठवले, त्यांचे टपालही तपासले जाई. रानडे शांत राहिले आणि १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. बघ, शांत राहण्याचे फळ! मला रानड्यांबद्दल कुणाहून कमी आदर नाही. पण हा दाखला देणारे एक गोष्ट विसरतात. रानड्यांनी बदली स्वीकारली, चूक कबूल केली नाही. 'माझा बंडवाल्यांशी संबंध होता, पुनरावृत्ती होणार नाही' असे त्यांनी कुणाला लिहून दिले नव्हते. शांत राहणे निराळे आणि खोटा कबुलीजबाब देणे निराळे. आमच्या घरांत दुसऱ्याला पहिल्याचे नाव दिले जाते, माझी तक्रार ती आहे.

आणखी एक कारण आहे, आणि ते केवळ आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांनाच कळेल. आपण घरी मराठीत चिडतो आणि कचेरीत हिंदीत लिहितो. बेळगावचा वाचक कानडीत लिहीत असेल, बुऱ्हाणपूरचा, छिंदवाड्याचा माझ्यासारखाच हिंदीत. परक्या भाषेत लिहिताना माणूस स्वतःचे वाक्य जुळवत नाही, तयार वाक्य उचलतो. ते व्याकरणशुद्ध असते, साहेबाच्या कानाला ओळखीचे असते, आणि कुणी हसेल ही भीती नसते. 'त्रुटिवश', 'क्षमाप्रार्थी', 'पुनरावृत्ति नहीं होगी', ही सगळी अशी तयार वाक्ये. मला जर मराठीत लिहायचे असते तर 'माझी चूक नाही' हे चार वर्षांच्या पोरासारखे सरळ लिहिले गेले असते. हिंदीत 'इसमें मेरी त्रुटि नहीं है' एवढे लिहिताना हात थांबला, कारण तसे लिहिलेले मी कुठल्याच नस्तीत पाहिले नव्हते. हिंदीचा ह्यात काही दोष नाही. ती भाषा आमच्या अन्नाची आहे, आणि हिंदी घरांतले बाबूही तीच वाक्ये उचलतात. पण आपल्या मुलांना आपण परवचा शिकवतो, मनाचे श्लोक शिकवतो, आणि ज्या भाषेत त्यांना आयुष्यभर स्वतःची बाजू मांडायची आहे त्या भाषेत 'नाही' कसे लिहायचे ते शिकवत नाही. मंडळाच्या दिवाळी संमेलनात एक तास ह्याच्यासाठी ठेवायला काय हरकत आहे? नाट्यछटा एक कमी झाली तर चालेल.

उलट टोकाचेही लोक असतात, हे मान्य. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ एका नोटिशीला चौदा पाने उत्तर द्यायचे. त्यात गीतेतले श्लोक, साहेबांच्या चारित्र्याची चिकित्सा आणि १९९१ सालापासूनच्या सगळ्या अपमानांची जंत्री. ते उत्तर वाचून निर्दोष माणूसही दोषी वाटावा. माझे म्हणणे लढा द्या असे नाही. भांडायला तर मुळीच सांगत नाही. जे घडले ते तारीखवार लिहा, एक पान, फार तर दीड. कागद जोडा. साहेबांचे नाव काढू नका, तारखा त्यांचे नाव आपोआप काढतात. मला हे कळले ते फार उशिरा. २०२२ साली, निवृत्तीनंतर, केवळ मनाच्या समाधानासाठी मी माहितीच्या अधिकारात त्या नस्तीच्या टिपणांची प्रत मागितली. दहा रुपये अर्जाचे, दोन रुपये पानाचे. टिपणाखाली माझी सही आणि तारीख, तिच्याखाली साहेबांची सही आणि तारीख. मध्ये चार दिवस. साहेबांनी स्वतःच्या अक्षरात घातलेले. हा पुरावा सहा वर्षे माझ्या टेबलापासून वीस पावलांवर, अभिलेख शाखेच्या कपाटात पडून होता.

तो कागद मी गणपतीपुढे भाचीला दाखवला. ताई काही बोलली नाही. भाऊजी चष्मा पुसत राहिले. नंतर ते म्हणाले, "पण समजा, उत्तर दिलं आणि साहेबांनी अहवालात वचपा काढला तर?" प्रश्न खोटा नाही. काढतीलही. तसा काढला तर त्यालाही पंधरा दिवसांत उत्तर देता येईल, आणि तेव्हा आधीच्या उत्तराची प्रत हाताशी असेल. वचपा काढणारा साहेब माफीनामा मिळाला म्हणून वचपा काढायचा थांबतो, असा तरी कुणाचा अनुभव आहे? माझा नाही. परिनिंदा देणाऱ्या साहेबांनी त्याच वर्षीच्या माझ्या अहवालातही एक पायरी खालचाच शेरा मारला. कारण पुन्हा तेच: चूक मान्य केली आहे.

मग आम्ही जेवणाच्या टेबलावर उत्तर लिहायला बसलो. आधी मराठीत. तिने सांगायचे, मी लिहायचे. 'मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रजेवर होते. रजा अमुक आदेशाने मंजूर झाली. रजेवर जाताना कार्यभार अमुक तारखेला सोपवला, त्याची पावती सोबत आहे. रजेवरून परतल्यावर दुसऱ्या दिवशी उत्तराचा मसुदा सादर केला. त्यामुळे ह्या विलंबाला मी जबाबदार नाही.' पाच वाक्ये झाली. मग त्यांचे हिंदी केले. शेवटच्या वाक्याशी तिचा हात थांबला, अगदी माझा थांबला होता तसाच. म्हणाली, "मामा, 'उत्तरदायी नहीं हूँ' जरा जास्त उर्मट वाटतं का? 'कदाचित' घालू?" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "घालू नको."

सोमवारी ती इंदूरला गेली. दुपारी फोन आला. आवक शाखेत कागद दिला तर तिथल्या बाबूने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "मैडम, साहब को दिखा दिया है? पहले दिखा देतीं." तिने दुसरी प्रत पुढे सरकवली आणि म्हटले, "इस पर तारीख और मोहर लगा दीजिए." त्याने थोडा वेळ तिच्याकडे पाहिले. मग शिक्का शाईच्या गादीवर ठोकला आणि लावला. तारीख जरा तिरकी उमटली आहे, पण वाचता येते. ती प्रत सध्या माझ्या कपाटात आहे, त्या दोन सह्यांच्या कागदाशेजारी.